उशाशी पाच मिनिटं

पहाटेचे तीन वाजलेले असतात. घरातला एकच दिवा चालू, त्यालाही वर्तमानपत्राचा कागद लावून उजेड कमी केलेला. कॉटशेजारच्या स्टुलावर गोळ्यांच्या पट्ट्या, तोटीचा कप, ओला रुमाल. बाराला दिलेल्या मॉर्फिनचा असर अजून आहे, दुखणं बरंचसं दबलेलं आहे. तरी कॉटवरचा माणूस जागाच. या कुशीवरून त्या कुशीवर. पांघरूण ओढायचं, पुन्हा ढकलून द्यायचं. "काय होतंय, बाबा?" असं मुलीनं विचारलं की "काही नाही गं" एवढंच उत्तर. दुखतंय का? नाही. पाणी हवंय? नको. मग काय हवंय, ते त्यालाही सांगता येत नाही.

ज्या घरात चौथ्या स्टेजचा कर्करोग आहे, त्या घराला ही वेळ पुरती ओळखीची असते. मराठीत तिला नेमके शब्द आहेत: तळमळ, घालमेल, जीव कासावीस होणं. दुखणं आणि दुःख हे एकाच घरातले शब्द, पण त्यांच्यातला फरक अशा रात्री कळतो. दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवता येतं. तळमळीला जागा नसते. तिच्यात उद्याची भीती असते, मागे राहणाऱ्यांची काळजी असते, उपचारांवर गेलेल्या पैशांचा हिशेब असतो, "माझ्याच वाट्याला का?" हा राग असतो, आणि आपण आता कुणाच्या उपयोगाचे राहिलो नाही ही बोचणीही असते. मॉर्फिन हाडातली कळ थांबवतं. हा गुंता सोडवणं त्याचं काम नाही.

वैद्यकशास्त्राला हा फरक नीट मांडायला बराच काळ लागला. इंग्लंडच्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि पुढे डॉक्टर. तीन बाजूंनी रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहिल्यामुळेच बहुधा त्यांना दिसलं, की मरणाच्या वाटेवरच्या माणसाची वेदना शरीर, मन, घरदार आणि श्रद्धा अशी चारी बाजूंनी येते. या एकत्रित वेदनेला त्यांनी 'टोटल पेन' म्हटलं. १९६७मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं आणि आजची उपशामक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, तिथून जगभर गेली. पुढे १९८२मध्ये एरिक कॅसेल या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलेला एक लेख फार गाजला. शरीरं दुखतात, पण सोसतो तो माणूस, असा त्यांचा मुद्दा होता. दुखणं आटोक्यात आलं तरी माणसाची उलघाल राहू शकते. उलट तीव्र कळा असूनही बाळंतिणीच्या मनात दुःख नसू शकतं.

मग या तळमळीवर उपाय काय? गेल्या दहा-बारा वर्षांत या प्रश्नावर नेटानं काम केलेल्या जागांपैकी एक मलेशियात आहे. क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. तान सेंग बेंग आणि त्यांचे सहकारी उपशामक विभागात काम करतात. त्यांनी सुरुवात केली ती रुग्णांशी बोलण्यापासून. तुम्हाला त्रास कशाचा होतो, हे आधी त्यांनाच विचारलं. त्या उत्तरांतून पुढे एक चित्रपट्टी तयार झाली. शारीरिक त्रास, काळजी, भीती, राग, उदासी, हताशपणा, स्वीकारता न येणं आणि रितेपण अशा आठ गोष्टी तिच्यात मोजतात. बोलायचं त्राण नसलेला माणूसही चित्राकडे बोट दाखवून आपलं दुःख सांगू शकतो. ज्याचं माप घेता येतं त्याचीच दवाखान्यात दखल घेतली जाते. म्हणून ही साधी पट्टी फार मोलाची आहे.

याच चमूनं सजगतेवर आधारलेली आधारपद्धती मांडली. सजगता म्हणजे माइंडफुलनेस: आत्ता या क्षणी जे घडतंय त्याचं भान ठेवणं, त्याला चांगलं-वाईट न ठरवता. सजगता म्हटलं की रुग्णाला डोळे मिटून बसवायचं, असंच कुणालाही वाटेल. इथे मात्र सुरुवात रुग्णापासून होत नाही. सुरुवात होते उशाशी बसणाऱ्यापासून. पूर्ण हजर राहणं, ऐकणं, त्याचं दुःख त्याच्या जागी जाऊन समजून घेणं, करुणा, आणि आपली मर्यादा ओळखणं, ही त्या पद्धतीची पाच अंगं आहेत. पाचही आधी डॉक्टरनं, नर्सनं, सोबत करणाऱ्यानं अंगी बाणवायची आहेत.

या पाचांतलं शेवटचं अंग सहज नजरेआड होईल, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. आईची शुश्रूषा करणारी सून किंवा मुलगी सहा-सहा महिने स्वतः नीट जेवत नाही, झोपत नाही. थकवा आल्याचं कबूल करणं तिला पाप वाटतं. मग एखाद्या दिवशी आईनं तिसऱ्यांदा पाणी मागितलं की तिचा आवाज चढतो, आणि त्यानंतर ती मोरीत जाऊन रडते. आपली मर्यादा ओळखणं म्हणजे या बाईनं दोन तास दुसऱ्याला बसवून खुशाल झोपणं. तो स्वार्थ नव्हे. थकलेला माणूस ऐकू शकत नाही, इतकं हे सरळ आहे.

आता ती पाच मिनिटं. क्वालालंपूरच्या चमूनं खाटेवरच्या रुग्णासाठी श्वासाचा सराव इतका छोटा केला, की तो कुणालाही जमावा. आपल्याकडच्या घरात तो साधारण असा होईल.

मुलगी स्टूल कॉटजवळ ओढते. उभ्यानं बोलत नाही, बसते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आलेली असते. "बाबा, पाच मिनिटं फक्त. काही करायचं नाहीये." उशी मानेखाली नीट करते. कपाळावरच्या आठ्या, आवळलेला जबडा, कानापर्यंत चढलेले खांदे सैल सोडायला सांगते. डोळे मिटले तर मिटले, नाहीतर छताकडे बघितलं तरी चालतं. दोन श्वास जरा खोल, सावकाश. त्यानंतर श्वासाला ढकलायचं नाही, तो येतो तसा येऊ द्यायचा. नाकपुडीशी आत शिरणारी हवा थोडी गार लागते, बाहेर पडणारी कोमट. तेवढंच बघायचं. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला मन पळतंच: रिपोर्टकडे, धाकट्याच्या फीकडे, शेजारच्या कुकरच्या शिट्टीकडे. पळालं हे लक्षात आलं की पुन्हा नाकपुडीशी यायचं. रागवायचं नाही. "मला जमत नाही" असं म्हणायचंही कारण नाही, कारण मन पळालं हे कळणं हाच तर तो सराव. मुलगी अधूनमधून हळू आवाजात आठवण देते आणि बाकी वेळ गप्प बसते. तिचा स्वतःचा श्वासही एव्हाना मंदावलेला असतो.

यानं होतं काय? २०१६मध्ये याच रुग्णालयातल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपशामक सेवा घेणारे ६० कर्करुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. एका गटानं पाच मिनिटं श्वासाचा सराव केला. दुसऱ्या गटाजवळ तेवढाच वेळ बसून त्यांचं ऐकून घेतलं गेलं. अस्वस्थता किती वाटते हे तर विचारलंच, शिवाय रक्तदाब, नाडी, श्वासाची गती, त्वचेवरचा घाम आणि त्वचेचं तापमानही मोजलं. भीतीनं हात गार पडतात, तळव्यांना घाम सुटतो, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. मन निवळलं की रक्तवाहिन्या सैलावतात आणि हात पुन्हा उबदार होतात. सराव करणाऱ्या गटात तसंच घडलं. अस्वस्थता उतरली, नाडी आणि श्वास मंदावले, घाम कमी झाला, त्वचा उबदार झाली. झटपट, सोपा आणि लगेच असर दाखवणारा उपाय म्हणून संशोधकांनी श्वासाचा सराव पुढे ठेवला.

 नुसतं जवळ बसून ऐकून घेणं हाही आधारच आहे. त्यालाही पाचच मिनिटं लागतात. राउंडच्या घाईत खाटेच्या पायथ्याशी उभं राहून "काय म्हणताय काका?" विचारून पुढे जाणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट मनाशी जपून ठेवावी.

धाप लागणाऱ्या रुग्णांवरचा पुढचा अभ्यास २०१९मध्ये आला. फुप्फुसाच्या आजारामुळे स्वस्थ पडल्या पडल्याही दम लागणारे ६३ रुग्ण त्यात होते. त्यांतल्या एका गटाकडून वीस मिनिटं श्वासाचा सराव करून घेतला, तर पाचव्या मिनिटालाच धाप कमी झाल्याचं त्यांनी सांगितलं. यामागचं चक्र समजण्यासारखं आहे. दम लागला की माणूस घाबरतो. घाबरला की वरवरचे, भराभर श्वास घेतो. त्यामुळे छाती आणखी भरून येते आणि भीती वाढते. श्वासाकडे शांतपणे बघायला शिकलेला माणूस हे चक्र एका जागी तोडतो. फुप्फुसातली गाठ तिथेच असते, पण तिच्यावर चढलेला घाबरेपणाचा थर उतरतो. बौद्ध परंपरेत यासाठी दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शरीराला लागतो, तो चुकवता येत नाही. दुसरा त्या दुखण्यावर मन मारून घेतं. सजगतेचं सगळं काम या दुसऱ्या बाणाशी आहे.

ही विद्या दवाखान्यात आली ती अमेरिकेतून. जॉन कबाट-झिन हे रेणवीय जीवशास्त्राचे अभ्यासक. १९७९मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत सजगतेचा वर्ग सुरू केला. नेहमीच्या उपचारांनी ज्यांचं दुखणं हटत नव्हतं, असे रुग्ण डॉक्टर त्यांच्याकडे पाठवू लागले. पण मूळ बी आपल्या मातीतलं, ते ब्रह्मदेशात जपलं गेलं आणि महाराष्ट्रात परत रुजलं. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६पासून चालू आहे आणि तिथल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले दिवस आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचं भान, हेच शिकवतात. केंद्राचे संस्थापक सत्यनारायण गोएंका यांची स्वतःची कथा इथे आठवते. ब्रह्मदेशात व्यापार करत असताना त्यांना अर्धशिशीचे असह्य झटके येत आणि त्यासाठी मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले तेव्हा, नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असं गुरूंनी आधी सांगितलं. आजार घालवणं हा या साधनेचा हेतू नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केलं होतं. कर्करोगाच्या बाबतीत तर ते दहा वेळा सांगायला हवं.

कारण बाजारात उलटं सांगणारे खूप आहेत. ध्यानानं गाठ विरघळते, सकारात्मक विचारांनी कॅन्सर पळतो, असे व्हिडिओ फोनवर रोज येतात. ते खोटं आहे, आणि क्रूरही. गाठ वाढली की रुग्णाला वाटतं, आपणच मनापासून ध्यान केलं नाही. आजाराच्या जोडीला अपराधाचं ओझं येतं. सजगतेनं ट्यूमर लहान होत नाही. तिचा दावा भीती, चिंता, उदासी कमी होण्यापुरता आहे, आणि त्या दाव्यालाही सगळीकडे सारखं बळ नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत, उपचार चालू असताना आणि नंतरही चिंता आणि नैराश्यासाठी सजगतेची शिफारस केली आहे. नेदरलँड्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या जोडीदारांना मिळून आठ आठवड्यांचा वर्ग दिला, तेव्हा रुग्णांचा मानसिक ताण कमी झाला; जोडीदारांचा झाला नाही. सोबत करणाऱ्याला वेगळा आधार लागतो, हेच त्यातून दिसतं. अगदी शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांवरचे प्रयोग मात्र थोडे आणि छोटे आहेत. आठ आठवडे, रोज पाऊण तास घरचा अभ्यास, हे ज्याला कूसही दुसऱ्यानं वळवून द्यावी लागते त्याच्याकडून व्हायचं कसं? म्हणूनच पाच मिनिटांचा सराव या रुग्णांच्या जवळचा वाटतो.

काही वेळा तोही चालत नाही. रुग्ण भ्रमात असेल, बरळत असेल, तर हा प्रयोग करू नये. श्वासाकडे लक्ष दिलं की कुणाची धाप वाढते, कुणाला गुदमरल्याचा जुना प्रसंग आठवतो. अशा वेळी श्वास सोडून द्यावा. तळहातावर ठेवलेल्या हाताची ऊब, पायाखालची गादी, पंख्याचा आवाज, यांपैकी कशावरही मन टेकवता येतं. ज्यांच्या बोटांना साठ वर्षं जपमाळेची सवय आहे, त्यांना नाकपुडीकडे वळवण्याचा आग्रह कशाला? मणी सरकतो तो सरकू द्यावा. सजगतेला कुठल्या धर्माची अट नाही, तशी कुठल्या नामाची आडकाठीही नाही.

आणि या सगळ्याच्या आधी दुखणं थांबायला हवं. हाडात पसरलेल्या कर्करोगानं तडफडणाऱ्या माणसाला "श्वासावर लक्ष दे" म्हणणं हा अन्याय आहे. भारतात हा अन्याय कायद्यानंही बराच काळ केला. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं मॉर्फिन ठेवायला इतके परवाने मागितले, की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं आणि देशातला त्याचा औषधी वापर झपाट्यानं घसरला. केरळमधले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन मिळवणं सोपं झालं. तरी "मॉर्फिन म्हणजे शेवट" ही समजूत आजही घराघरांत आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून दिलेलं मॉर्फिन रुग्णाला झोपवून टाकण्यासाठी नसतं. ते त्याला बसता यावं, दोन घास खाता यावेत, नातवाशी बोलता यावं यासाठी असतं. आधी औषध, मग श्वास. हा क्रम उलटू नये.

मराठी घरांत आणखी एक गाठ असते, ती न बोलण्याची. "त्यांना काही सांगू नका हं डॉक्टर, हाय खातील," असं केबिनच्या दाराशी मुलगा कुजबुजतो. आत बसलेल्या वडिलांना बहुधा सगळं कळलेलं असतं. तेही मुलाला त्रास नको म्हणून गप्प राहतात. दोघं एकमेकांना जपतात आणि दोघंही एकटे पडतात. पहाटे तीनची तळमळ पुष्कळदा या न बोललेल्या शब्दांची असते. ऐकणं म्हणजे अशा वेळी उपदेश न करणं. "मी आता जगत नाही" असं बाबा म्हणाले की घाईघाईनं "असं बोलू नका" म्हणायचा मोह होतो. त्या तीन शब्दांनी दार बंद होतं. त्याऐवजी "असं का वाटतंय?" एवढं विचारून थांबलं, तर कधी शेताच्या सातबाऱ्याबद्दल निघतं, कधी वीस वर्षं अबोला धरलेल्या भावाबद्दल. कधी नुसतेच डोळे भरून येतात. त्या वेळी हात हातात असला तर बाकी काही लागत नाही.

अशी माणसं आणि अशा जागा आपल्याजवळ आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८६पासून शांती अवेदना सदन आहे. देशातलं ते पहिलं हॉस्पिस आणि त्याची एक शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र १९९७पासून विनामूल्य काम करतं. तिथे रुग्णासोबत घरच्या माणसालाही राहता येतं, शुश्रूषा शिकता येते. परळच्या टाटा रुग्णालयात या सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. अडचण अशी, की "आता काही करण्यासारखं उरलं नाही" असं ऐकल्यावरच लोक तिथे पोचतात. बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१०साली प्रसिद्ध झाला. ज्यांना निदान झाल्याबरोबर केमोच्या जोडीला ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक बरे गेले, नैराश्य कमी राहिलं, आणि ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले.

म्हणून ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना एवढीच विनंती. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा केमोची तारीख, रिपोर्ट, बिल हे सगळं विचारून झाल्यावर डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारा: "इथे पॅलिएटिव्ह केअरचा विभाग आहे का, आणि आम्हाला तिथे आजच भेटता येईल का?" आणि आज रात्री स्टूल कॉटजवळ ओढून बसा.